जुने गाव आणि त्याचे वृत्तपत्र
(‘व्हर्जिनिया गॅझेट’च्या निमित्ताने काही विचार)

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात विल्यम्सबर्ग नावाचे एक गाव आहे. इ. स. १६९९ पासून १७८० पर्यंत ते व्हर्जिनिया वसाहतीच्या राजधानीचे ठिकाण होते. पुढे राजधानी रिचमंडला गेली, गावाचे वैभव ओसरले, आणि एक महाविद्यालय व एक मनोरुग्णालय यांच्या आधाराने ते जवळजवळ दीडशे वर्षे आडबाजूला पडून राहिले. १९२६ साली तेथील ब्रूटन पॅरिश चर्चचे धर्मगुरू डब्ल्यू. ए. आर. गुडविन यांच्या आग्रहाने धाकटे जॉन डी. रॉकफेलर यांनी या गावाकडे लक्ष वळविले, आणि अठराव्या शतकात ते जसे होते तसे पुन्हा उभे करण्याचा प्रचंड उद्योग सुरू झाला. आज ‘कलोनियल विल्यम्सबर्ग’ या नावाने ते सर्वत्र विख्यात आहे. तेथील घरांविषयी, बागांविषयी आणि राज्यपालाच्या प्रासादाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांला येथे विचार करावयाचा आहे तो त्या गावाच्या वृत्तपत्राचा, म्हणजेच ‘व्हर्जिनिया गॅझेट’चा.

हा विषय साहित्यसंस्थेच्या पत्रिकेत कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर असे, की पुनर्रचित गाव वरवर पाहता विटालाकडांचे काम वाटत असले, तरी मुळात ते वाचनाचे काम असते. जुने नकाशे, चित्रे, मृत्यूनंतर केलेल्या मालमत्तेच्या याद्या आणि वृत्तपत्रे यांचे वाचन आधी होते; सुतार आणि गवंडी मागाहून येतात. म्हणून अशा गावाची परीक्षा एखाद्या ग्रंथाच्या परीक्षेसारखीच करावी लागते. मूळ संहिता कोणती, तिच्यातील किती भाग वाचला, किती गाळला, आणि जे गाळले ते कोणत्या कारणाने, हे प्रश्न येथेही विचारलेच पाहिजेत. आमचे म्हणणे थोडक्यात सांगावयाचे तर असे, की विल्यम्सबर्ग पुन्हा उभे करणाऱ्यांनी आपल्या गावाचे वृत्तपत्र पन्नास वर्षे अर्धेच वाचले. आणि जे वाचावयाचे राहिले, त्यातच त्या गावातील निम्मी माणसे होती.

प्रथम मूळ संहितेकडे वळू. व्हर्जिनियात छापखान्याला सुखासुखी प्रवेश मिळाला नाही. १६७१ साली तेथील राज्यपाल सर विल्यम बर्कली यांनी लंडनला पाठविलेल्या उत्तरात, आपल्या वसाहतीत मोफत शाळा नाहीत आणि मुद्रणही नाही याबद्दल देवाचे आभार मानले होते, व आणखी शंभर वर्षे ती येऊ नयेत अशी आशा व्यक्त केली होती. शाळा आणि छापखाना या दोहोंचा उल्लेख त्यांनी एका श्वासात केला हे आमच्या शिक्षकबंधूंनी ध्यानात घ्यावे. सत्ताधाऱ्यांना भीती कशाची वाटते हे त्यांच्या आभारप्रदर्शनावरूनच कळते. बर्कलींची आशा मात्र सफल झाली नाही. ६ ऑगस्ट १७३६ रोजी विल्यम पार्क्स या मुद्रकाने विल्यम्सबर्ग येथे ‘व्हर्जिनिया गॅझेट’ सुरू केले. आपल्याकडे बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ साली निघाले. त्याच्या ९६ वर्षे आधीची ही गोष्ट.

पार्क्स हा केवळ मुद्रक नव्हता. तो वसाहतीचा सरकारी मुद्रक होता, टपालखाते त्याच्याकडे होते, पुस्तकांचे दुकान त्याचे होते, आणि पुढे त्याने कागदाची गिरणीही काढली. तीत त्याला बेंजामिन फ्रँक्लिनचे साहाय्य झाले. आरंभीच्या अंकांत ‘मॉनिटर’ या नावाखाली निबंधांची एक मालिका येत असे. इंग्लंडमधील ‘स्पेक्टेटर’च्या वळणाचे ते लेखन होते, वसाहतीतील सुशिक्षित मनुष्य मायदेशाच्या वाङ्मयीन रिवाजांकडे कसा डोळे लावून बसलेला असतो, याचा तो नमुना होय. मातृभाषेच्या मुख्य प्रदेशापासून दूर राहून तिची सेवा करणाऱ्या आमच्या वाचकांना ही मनःस्थिती वेगळी समजावून सांगण्याचे कारण नाही.

१७५० साली इंग्लंडच्या प्रवासात पार्क्स वारला. त्याच्यानंतर विल्यम हंटर, जोसेफ रॉयल, अलेक्झांडर पर्डी असे मुद्रक झाले. सरकारी कामावर पोट असलेल्या पत्राची जी मर्यादा असते ती रॉयलच्या काळात स्पष्ट दिसली. १७६५ साली मुद्रांकाच्या कायद्याविरुद्ध पॅट्रिक हेन्रीने व्हर्जिनियाच्या प्रतिनिधिगृहात जे ठराव मांडले, ते ज्या गावात मांडले गेले त्याच गावाच्या गॅझेटात छापून आले नाहीत. ते प्रथम दूर ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्टच्या पत्रात प्रसिद्ध झाले. छापखाना एकच असल्यामुळे राज्यपालाला न रुचणारा मजकूर छापून येणे शक्य नव्हते, म्हणून आम्ही दुसरा मुद्रक आणविला, असे टॉमस जेफरसनने पुढे उतारवयात लिहून ठेवले आहे. तो दुसरा मुद्रक म्हणजे विल्यम रिंड. त्याचे पत्र १७६६ साली निघाले आणि त्याचेही नाव ‘व्हर्जिनिया गॅझेट’च होते. आपले पत्र सर्व पक्षांना खुले आहे, पण कोणाच्याही प्रभावाखाली नाही, अशा आशयाचे वचन तो पत्राच्या शिरोभागी छापत असे. १७७३ साली रिंड वारल्यावर त्याची पत्नी क्लेमेंटिना हिने छापखाना आणि पत्र दोन्ही सांभाळली. १७७४ साली प्रतिनिधिगृहाने सरकारी मुद्रणाचे काम तिच्याकडे दिले. जेफरसनचे ब्रिटिश अमेरिकेच्या हक्कांविषयीचे प्रसिद्ध पत्रकही त्याच वर्षी तिच्याच छापखान्यातून बाहेर पडले. त्याच वर्षी सप्टेंबरात तिचेही निधन झाले. १७७५ साली तर सुमारे दोन हजार वस्तीच्या या गावातून एकाच नावाची तीन गॅझेटे निघत होती. पुढे १७८० साली राजधानीबरोबर छापखानाही रिचमंडला गेला आणि गाव मुके झाले.

आता या पत्राचे स्वरूप पाहू. आठवड्यातून एकदा निघणारा, सामान्यतः चार पानांचा हा अंक असे. पहिल्या पानांवर लंडन, पॅरिस, फिलाडेल्फिया येथील बातम्या. त्या जहाजाने येत असल्यामुळे कित्येक आठवड्यांच्या शिळ्या असत. मधूनमधून राजकीय पत्रे, निबंध, पद्ये. आणि अखेरची पाने जाहिरातींची. साधारण लांबीच्या जाहिरातीला पहिल्या आठवड्यास तीन शिलिंग व पुढील प्रत्येक आठवड्यास दोन शिलिंग असा आकार सातव्या-आठव्या दशकांत पडे. या पानांवर लंडनहून आलेल्या रेशमाची, फितींची, चहाच्या भांड्यांची, बियाण्यांची विक्री असे. घोडे हरवल्याच्या, घरे भाड्याने देण्याच्या, नृत्यशिक्षक गावात आल्याच्या सूचना असत. आणि त्यांच्याच शेजारी, त्याच खिळ्यांत, त्याच आकाराने, पळून गेलेल्या गुलामांना पकडून देणाऱ्यास बक्षीस देण्याच्या शेकडो जाहिराती असत.

वाङ्मयाच्या दृष्टीने पाहिले तर या पत्रातील अस्सल गद्य कोणते, याचे उत्तर आम्ही निःशंकपणे देऊ की ते या शेवटच्या जाहिरातींत आहे. राजकीय निबंधांतील भाषा प्रौढ आहे, पण ती पुष्कळशी उसनी आहे. रोमन नावे धारण करून लिहिणाऱ्या त्या लेखकांचे चेहरे एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत. जाहिरात देणाऱ्या मालकाला मात्र अलंकारांची चैन परवडत नव्हती. आपला मनुष्य परक्या गावातही ओळखू यावा एवढाच त्याचा हेतू असल्यामुळे त्याला खरे तेच लिहावे लागे. उंची, चालण्याची ढब, बोलताना अडखळणे, अंगावरील व्रण, हाती असलेली कला, अंगात घातलेले कपडे, नातलग कोणत्या मळ्यावर आहेत आणि म्हणून तो कोणत्या दिशेला गेला असावा, हे सर्व पाचसहा ओळींत येई. ज्याला कायद्याने वस्तू ठरविले होते, त्याला शोधण्यासाठी त्याचे माणूसपण तपशीलवार लिहून काढावे लागले. मालकाच्या लेखणीने मालकाच्याच भूमिकेचे खंडन करावे, असा हा प्रकार आहे. वाङ्मयात उपरोध निर्माण करण्यासाठी लेखकाला केवढे सायास पडतात. येथे तो लेखकाला नकळत उतरला आहे.

तीन उदाहरणे देतो. सप्टेंबर १७६९ मध्ये गॅझेटात सँडी नावाच्या पळून गेलेल्या गुलामाची जाहिरात आली. वय सुमारे पस्तीस, अंगाने स्थूलतेकडे झुकणारा, धंद्याने चांभार, काम मुख्यतः डाव्या हाताने करणारा, जाडेभरडे सुतारकामही जाणणारा, घोड्यावर चांगला बसणारा, दारूचा शौकीन. जाताना एक पांढरा घोडा आणि आपली चांभारकामाची हत्यारे घेऊन गेलेला. जो पकडून देईल त्याला त्याच तालुक्यात पकडल्यास चाळीस शिलिंग, वसाहतीत इतरत्र पकडल्यास चार पौंड आणि दुसऱ्या वसाहतीत पकडल्यास दहा पौंड. खाली सही टॉमस जेफरसन. सात वर्षांनी सर्व मानव समान निर्माण झाले आहेत असा उद्घोष करणारा स्वातंत्र्याचा जाहीरनामा ज्या हाताने लिहिला, तोच हा हात. सँडी परत सापडला आणि १७७३ साली जेफरसनने त्याला विकून टाकले. जेफरसनचे मोठेपण नाकारण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. ज्या पत्राने जुलै १७७६ मध्ये तो जाहीरनामा छापला त्याच नावाच्या पत्राच्या अखेरच्या पानांवर सँडी होता, आणि दोन्ही वाचल्याखेरीज त्या पत्राचे वाचन पुरे होत नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे.

दुसरे उदाहरण ३० जून १७७४ च्या अंकातील. गेब्रिएल जोन्स नावाच्या वकिलाचा बॅकस हा गुलाम पळाला. तो जॉन ख्रिश्चन हे नाव घेऊन आपण स्वतंत्र मनुष्य असल्याचे भासवील आणि एखाद्या जहाजावर चढून इंग्लंडला जाण्याचा प्रयत्न करील, असे जोन्सने जाहिरातीत लिहिले. इंग्लंडलाच का? तर सॉमरसेट खटल्याच्या निकालाची माहिती त्याला लागली आहे म्हणून. १७७२ साली लंडनच्या न्यायालयात लॉर्ड मॅन्सफील्डने असा निर्णय दिला होता, की इंग्लंडात आणलेल्या गुलामाला त्याच्या इच्छेविरुद्ध देशाबाहेर नेता येणार नाही. या निकालाची बातमी गॅझेटाने दिली होती. ती छापणाऱ्याच्या किंवा विकत घेणाऱ्याच्या मनात बॅकस हा वाचक नव्हता. पण जेवणाच्या टेबलामागे उभा असलेला, घोड्याची खोगीर बांधणारा, दिवाणखान्यात मेणबत्त्या लावणारा मनुष्य ऐकत असतो. पहिल्या पानावरची बातमी दोन वर्षांनी अखेरच्या पानावर मनुष्य होऊन अवतरली. वृत्तपत्राच्या सामर्थ्याचे यापेक्षा बोलके उदाहरण आम्हांला दुसरे ठाऊक नाही.

तिसरे उदाहरण आम्हां शिक्षकांच्या जिव्हाळ्याचे आहे. लंडनमधील ‘डॉ. ब्रे यांचे सहकारी’ या धर्मादाय संस्थेने वसाहतींतील कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा काढण्याचे ठरविले, तेव्हा फ्रँक्लिनने त्यासाठी विल्यम्सबर्ग सुचविले, आणि शाळेची देखरेख करण्यासाठी जी नावे दिली त्यांत गॅझेटाचा मुद्रक विल्यम हंटर याचे नाव होते. १७६० साली ही शाळा सुरू झाली. अॅन वेजर नावाच्या शिक्षिकेने ती १७७४ साली आपल्या मृत्यूपर्यंत चालविली. तीन ते दहा वर्षांची ही मुले. त्यांतील बहुतेक गुलाम, थोडी स्वतंत्र. शाळेचा हेतू उदात्त होता असे म्हणवत नाही. मुलांनी प्रश्नोत्तरी पाठ करावी, धर्म शिकावा आणि आपल्या स्थितीत आज्ञाधारकपणे राहावे, हा तो हेतू. परंतु अक्षर हे शिकविणाऱ्याच्या हेतूला बांधलेले राहत नाही. या शाळेच्या १७६५ सालच्या पटावर आयझॅक बी नावाच्या मुलाची नोंद आहे. सप्टेंबर १७७४ मध्ये हेच नाव गॅझेटाच्या जाहिरातींत येते. आयझॅक पळाला आहे. आपला बाप स्वतंत्र मनुष्य होता म्हणून आपल्यालाही स्वातंत्र्याचा हक्क आहे असे त्याला वाटते. त्याला वाचता येते, लिहिता येते की नाही हे सांगता येत नाही, पण कोणाकडून तरी तो खोटा परवाना लिहवून घेईल, अशी तक्रार त्याच्या मालकाने केली आहे. शाळेचा हिशेब आम्ही निकालाच्या टक्क्यांनी मांडतो. अॅन वेजरच्या शाळेचा निकाल या एका जाहिरातीत लागला आहे, आणि तो तिच्या चालकांच्या अपेक्षेच्या अगदी उलट आहे.

मूळ संहिता ही अशी आहे. आता तिच्या वाचनाकडे, म्हणजे पुनर्रचित गावाकडे वळू. या कामामागील परिश्रमांविषयी आमच्या मनात अनादर नाही. १७८१ साली जळून गेलेल्या प्रासादाचे आणि नष्ट झालेल्या जुन्या प्रतिनिधिगृहाचे बाह्यरूप कळावे म्हणून संशोधकांनी शोध घेतला, आणि १९२९ साली ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात एक कोरलेला ताम्रपट सापडला. त्यावर या इमारतींची चित्रे होती. १७८२ सालच्या एका फ्रेंच नकाशावरून घरांच्या जागा ठरल्या. मालमत्तेच्या याद्यांवरून खोल्या सजल्या. गॅझेटाच्या जाहिरातींवरून दुकानांत माल भरला. अठ्ठ्याऐंशी मूळ इमारती दुरुस्त झाल्या, कित्येक पायांवरून नव्याने उभ्या राहिल्या, आणि नंतरच्या काळातील म्हणून सातशेहून अधिक बांधकामे काढून टाकण्यात आली. १९५० साली लेस्टर कॅपन आणि स्टेला डफ यांनी तयार केलेली १७३६ ते १७८० या काळातील गॅझेटांची दोन खंडांची सूची प्रसिद्ध झाली. वृत्तपत्राची अशी सूची करणे हे किती चिकाटीचे काम आहे, हे ज्यांनी एखाद्या नियतकालिकाच्या दहा वर्षांच्या अंकांची सूची करून पाहिली आहे त्यांनाच कळेल.

तरीही या वाचनात निवड झाली, आणि ती अजाणता झाली असे म्हणता येत नाही. रेशमाची जाहिरात वाचली गेली आणि दुकानाच्या खिडकीत रेशीम आले. बियाण्यांची जाहिरात वाचली गेली आणि बागेत फुले आली. त्याच स्तंभातली, बोटभर खाली असलेली पळालेल्या मनुष्याची जाहिरात वाचून मात्र गावात काहीच आले नाही. क्रांतीच्या सुमारास या गावातील निम्म्याहून अधिक लोक कृष्णवर्णीय होते आणि त्यांतील बहुतेक सारे गुलाम होते. पण गावाला भेट देणाऱ्याला तेथे प्रामुख्याने केसांचे टोप घातलेले गृहस्थ आणि घेरदार झगे घातलेल्या स्त्रिया दिसत. अमेरिकेतील वास्तुसमीक्षक एडा लुईस हक्स्टेबल यांनी या गावावर कठोर टीका केली, ती अशी, की येथे भूतकाळ धुऊनपुसून, निवडून ठेवलेला आहे आणि लोकांना खऱ्याऐवजी तोच आवडू लागला आहे. आम्हांला ही टीका मान्य आहे, पण तिच्यात थोडी भर घालावीशी वाटते. दोष जुने उभारण्यात नाही, दोष अर्धवट वाचण्यात आहे. पूर्ण वाचले असते तर तेच लाकूड आणि त्याच विटा निराळे बोलल्या असत्या.

या अर्धवट वाचनाची किंमत कागदावरच राहिली नाही. १७७६ साली स्थापन झालेली कृष्णवर्णीयांची ‘फर्स्ट बॅप्टिस्ट चर्च’ ही मंडळी ज्या इमारतीत १८५६ पासून उपासना करीत असे, ती अठराव्या शतकातील नाही म्हणून १९५० नंतरच्या दशकात पाडण्यात आली आणि पुढे ती जागा मोटारी उभ्या करण्यासाठी फरसबंद झाली. २०२० साली तेथे उत्खनन सुरू झाले, तेव्हा जुना पाया सापडला आणि कबरीही सापडल्या. ब्रे यांच्या शाळेची पहिली इमारत तर नाहीशी झालीच नव्हती. महाविद्यालयाच्या आवारात ती दुसऱ्याच नावाने, वाढवलेली आणि बदललेली, उभी होती. तिच्या लाकडांतील वर्षवलयांच्या परीक्षणावरून ती झाडे १७५९–६० च्या हिवाळ्यात तोडलेली असल्याचे ठरले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ही वास्तू जशीच्या तशी उचलून ऐतिहासिक भागात आणली गेली. १९२६ साली ज्या वाचनाला आरंभ झाला, त्याला मुलांच्या या शाळेपर्यंत पोहोचण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली. राज्यपालाचा प्रासाद मात्र अवघ्या आठ वर्षांत, १९३४ साली, लोकांना खुला झाला होता. वाचकाने आधी काय वाचले आणि मागाहून काय, यावरून वाचकाची ओळख पटते.

सुधारणा झालीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९७९ पासून गावात कृष्णवर्णीयांचे जीवन दाखविण्यास आरंभ झाला. १९८३ साली लॅथन विंडली यांनी पळालेल्या गुलामांच्या जाहिरातींचे चार खंड प्रसिद्ध केले, त्यांतील पहिल्यात व्हर्जिनियाच्या जाहिराती आहेत. १० ऑक्टोबर १९९४ रोजी गावाच्या रस्त्यावर गुलामांच्या लिलावाचे प्रत्यक्ष दर्शन घडविण्यात आले. त्यावर मोठे वादळ उठले. पूर्वजांच्या यातनांचा हा तमाशा आहे, असे म्हणून कृष्णवर्णीयांच्याच काही संघटनांनी निषेध केला. पण विरोधकांपैकी एका पुढाऱ्याने तो प्रसंग पाहिल्यानंतर आपले मत बदलल्याचे सांगितले. या वादात आम्हांला दोन्ही बाजूंचे म्हणणे समजते. दुःखाचे नाटक करताना ते स्वस्त होण्याचा धोका असतो, हे खरे. परंतु जेथे विलासाचे नाटक वर्षभर चालते, तेथे दुःखाचे एकदाही होऊ नये, हा न्याय नव्हे.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे, कारण तो जाणत्या वाचकाकडून येईल. या जाहिराती मालकांनी लिहिल्या आहेत. त्यांत दिसणारा सँडी किंवा बॅकस हा मालकाच्या डोळ्यांनी पाहिलेला आहे. मग त्यांना त्या माणसांचे खरे चित्र कसे म्हणावे? आक्षेप खरा आहे. दारूचा शौकीन, लबाड, उर्मट ही विशेषणे मालकाची आहेत आणि ती तशीच घ्यावयास पाहिजेत. मात्र चित्रात दोन गोष्टी असतात, मत आणि माहिती. मत मालकाचे असले तरी माहिती त्याच्या हाताबाहेरची असते. सँडी डाव्या हाताने काम करतो ही माहिती आहे. जाताना त्याने आपली हत्यारे नेली ही माहिती आहे, आणि त्यावरून आपण पुढे कोठे तरी आपल्या कसबावर पोट भरू असा त्याचा विचार असावा, हे वाचकाला कळते. आयझॅकला आपला हक्क वाटतो हे मालकाने चिडून लिहिले असेल. पण लिहिले आहे. प्रतिकूल साक्षीदाराच्या तोंडून निघालेली कबुली ही न्यायालयात अधिक मोलाची मानतात. समीक्षेनेही ती तशीच मानावी.

आता या पत्राच्या दुसऱ्या जन्माविषयी थोडेसे. मधल्या काळात त्याच नावाने पत्र चालविण्याचे प्रयत्न झाले आणि थांबले. गाव पुन्हा उभे राहू लागल्यावर, १९३० साली, जे. ए. ओसबोर्न यांनी ‘व्हर्जिनिया गॅझेट’ पुन्हा सुरू केले. ते आपली परंपरा १७३६ पर्यंत नेते. याशिवाय गावातील पुनर्रचित छापखान्यात जुन्या पद्धतीने खिळे जुळवून, चामड्याच्या गोळ्यांनी शाई लावून, हातयंत्रावर छापून दाखवितात. अशा रीतीने एका गावात गॅझेटाची दोन रूपे नांदतात: एक शोभेचे, एक नित्याचे. शोभेच्या रूपाला आमचा विरोध नाही. मुलांना खिळा हातात घेऊन पाहता येणे ही मोठी गोष्ट आहे. परंतु समीक्षेचा विषय होतो तो नित्याचे पत्र. जे गाव स्वतःच एक प्रदर्शन झाले आहे, त्याच्या वृत्तपत्रापुढे मोठा मोह असतो. बाहेरून येणाऱ्यांवर गावाचे पोट. त्यांना न रुचणारे छापू नये, असे वाटणे स्वाभाविक. रॉयलच्या काळी राज्यपालाची मर्जी होती, आता पाहुण्याची असते. मर्जी बदलली तरी कसोटी तीच राहते: गावाला जे ऐकावयास आवडणार नाही, ते या पत्रात छापून येते की नाही?

गावाची मालकी कोणाची, हा प्रश्न तर पहिल्या दिवसापासून होता. १२ जून १९२८ रोजी जेव्हा रॉकफेलरांचे नाव गावकऱ्यांपुढे जाहीर करण्यात आले, तेव्हा सभेत फ्रीमन या निवृत्त सेनाधिकाऱ्याने, जे तेथील शालेय मंडळाचे प्रमुख होते, असा मुद्दा मांडला की जमीन दिल्यावर हे गाव तुमचे राहील काय, आणि त्याचा अभिमान तुम्हांला पूर्वीसारखा वाटेल काय? ठराव बहुमताने संमत झाला. प्रश्न मात्र उरला. वृत्तपत्राच्या बाबतीतही तो उरलाच आहे. २०२१ साली एका गुंतवणूक संस्थेने ट्रिब्यून समूह विकत घेतला, आणि त्याच्याबरोबर विल्यम्सबर्गचे गॅझेटही दूरच्या मालकाच्या हाती गेले. ज्या पत्राचा पहिला मुद्रक टपाल वाटीत होता, पुस्तके विकीत होता आणि रस्त्यावरच्या प्रत्येकाला ओळखीत होता, त्याचा धनी आज त्या रस्त्यावरचा नाही. घरे अठराव्या शतकातली आणि वृत्तपत्राची मालकी एकविसाव्या शतकातली, अशी ही विषम जोडी आहे. गाव पुन्हा उभारता येते. वृत्तपत्र केवळ नाव आणि सन पुन्हा छापून उभे राहत नाही. त्याला दर आठवड्याला गावातील खरे कोणीतरी सांगावे लागते.

या सर्व विवेचनातून आम्हां शिक्षकांनी आणि संस्थेच्या सभासदांनी घ्यावयाचा बोध दूरचा नाही. आपापल्या गावी मराठी पत्रे निघाली, काही चालली, काही बंद पडली. त्यांचे बांधीव अंक ग्रंथालयांतून आहेत. ते चाळताना आपण अग्रलेख वाचतो, कविता उतरून घेतो, एखाद्या मोठ्या माणसाचे पत्र सापडले तर हर्षभरित होतो. अंक बांधावयास देताना जाहिरातींची पाने आणि वेष्टने काढून टाकण्याची चाल मात्र पुष्कळ ठिकाणी पडलेली आहे. ही चाल बंद व्हावयास पाहिजे. कोणत्या दुकानात काय मिळत होते, कोणाची जागा लिलावात निघाली, कोण घर सोडून गेला आणि त्याला शोधणाऱ्याने त्याचे वर्णन कोणत्या शब्दांत केले, हे त्या पानांवर असते. अग्रलेखातून गावाला आपण कसे दिसावे असे वाटत होते ते कळते; जाहिरातींतून ते कसे होते ते कळते.

शाळांतूनही हे काम करून घेता येईल. वरच्या वर्गातील मुलांना जुन्या स्थानिक पत्राचा एक पूर्ण अंक, पहिल्या अक्षरापासून मुद्रकाच्या नावापर्यंत, वाचावयास द्यावा. त्यातील प्रत्येक माणसाची, मोठ्याची आणि लहानाची, एक यादी करावयास सांगावे. आणि मग विचारावे, की यांपैकी किती जणांचे नाव आपल्या गावातील एखाद्या रस्त्याला, चौकाला किंवा फलकाला आहे? उरलेल्या नावांपासून इतिहासाच्या अभ्यासाला आरंभ करावा. विल्यम्सबर्गला ही यादी पुरी करावयास शंभर वर्षे लागत आहेत, आणि ती अजून पुरी झालेली नाही. आपल्याकडे तर तिला आरंभच व्हावयाचा आहे. तोवर कागद टिकले पाहिजेत.